पाय बरोबर आहे

साल दोन हजार बावीस. मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये कांबळे मॅडम आल्या.

ट्रॅक्टर तेव्हा नव्हता. जमीन कंपन्यांत गेली, मग ट्रॅक्टर विकला, शेड राहिली. चाकणच्या रस्त्याला लागून असल्यामुळे पंक्चरवाला, मोमोवाला, मोबाइलवाला, रोज कुणीतरी ती भाड्याने मागायला यायचं. मी सगळ्यांना न्हाई म्हटलं. माझ्या शेडमध्ये कोण बसणार हे मी ठरवतो, रस्ता ठरवत नाही. मग एक दिवस काळेवाडीहून स्कूटरवर या बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, अंगात डॉक्टरासारखा पांढरा डगला आणि त्यावर प्लॅस्टरचे वाळलेले डाग. माझ्याशी एक शब्द न बोलता त्यांनी पिशवीतून गवंड्याची पाणसळ काढली, ती पट्टी, जिच्या काचेत बुडबुडा असतो, आणि शेडच्या कोब्यावर चारी बाजूंनी ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध थांबला.

"घेतली," त्या म्हणाल्या.

"मी दिली कुठं?"

"जमीन सपाट आहे. पिंपरीपासून इथपर्यंत अशी मिळाली नाही. द्यावी लागेल."

मला कुणी 'द्यावी लागेल' म्हटलेलं चालत नाही. तरी मी दिली, कारण तो कोबा मी स्वतःच्या हाताने घातला होता आणि आजवर घरातल्या एका माणसाने त्याला सपाट म्हटलं नव्हतं.

चार दिवसांत पाटी लागली. 'जनावरांचे कृत्रिम पाय व चाकगाडे मापाप्रमाणे करून मिळतील. माणसांनी स्वतःसाठी चौकशी करू नये.' गावात हसं झालं. मी पण हसलो, पण घरात बसून.

मॅडमचे वडील पिंपरीच्या एका कंपनीत प्रेसवर होते. मॅडम शिकल्या माणसांचे पाय करायला, दवाखान्यात बरीच वर्षं तेच केलं, आणि एक दिवस सोडून दिलं. का सोडलं, मी विचारलं. म्हणाल्या, "आप्पा, माणसाला पाय बसवला की तो आरशात बघतो. जनावर पाय बसवला की दाराकडे बघतं. मला दाराकडे बघणारं गिऱ्हाईक आवडतं."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याच्या बाजूला, लोक कॅलेंडर लावतात तिथं, एका बकरीच्या कमरेचा एक्स-रे. सामान म्हणाल तर सगळं आसपासच्या कंपन्यांनी नापास केलेलं. रिजेक्ट पाइप, रिजेक्ट बेअरिंग, सीटचा फोम, गाडीचे पट्टे. गेटवरच्या वॉचमनला त्या सांगायच्या, "तुमच्या साहेबाला जो माल चालत नाही, तो मी चालवून दाखवते."

त्यांची बोलायची एक रीत होती. जनावराला अहो, मालकाला अरे. "अहो, उजवा घ्या पुढे, घाबरू नका, शाब्बास," हे बकरीला. "ए, कान सोड त्यांचा," हे बकरीवाल्याला. मला त्या अहो म्हणत. वयामुळे म्हणत असतील. पण त्या मला नेमकं कुठल्या बाजूचा धरतात, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

आणि पाय जमला नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की त्या मान वर न करता एकच वाक्य म्हणायच्या. "पाय बरोबर आहे. जमीन तपासा."

काळेवाडीच्या एका म्हातारीचा कोंबडा होता. त्याला त्यांनी पाय करून दिला. तो पाय फरशीवर टकटक वाजायचा. खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला आले, म्हणून म्हातारी कोंबडा घेऊन इथं आली. मॅडम म्हणाल्या, पाय बरोबर आहे, फरशी तपासा. तरी त्यांनी पायाला रबर लावून दिलं. आठवड्याने म्हातारी परत हजर. आता आवाज येत नाही, कोंबडा कुठं जातो कळत नाही, काल लिफ्टमध्ये सापडला. मॅडमनी रबर काढलं. म्हातारी खूश, खालचे लोक पुन्हा नाखूश, आणि कोंबडा लिफ्टच्या दारात उभा राहायला लागला तो लागलाच. एका मांजराला चाकाचा गाडा केला होता. मांजराने तो घातला नाही. मांजर त्या गाड्यात चढून बसलं आणि मालकाकडे बघत राहिलं. मालक आजही ढकलतोय म्हणतात.

पण गावाला खरी करमणूक होती ती मालकाच्या ट्रायलची. मॅडमचा नियम होता. जनावराचं माप घ्यायच्या आधी मालकाने स्वतः दोन हात आणि एका गुडघ्यावर शेडमध्ये फेरी मारायची, एक पाय मागे पट्ट्याने बांधून, पाठीवर वजनाची पिशवी घेऊन. त्याशिवाय काम हातात घ्यायच्या नाहीत.

एकदा वाकडहून एक साहेब आला. मोठी गाडी, इस्त्रीची पँट, कंपनीचं कार्ड गळ्यात. त्याच्या कुत्र्याची, ब्रूनोची, कंबर गेली होती.

"वाक," मॅडम म्हणाल्या.

"मी? मॅडम, पेशंट तो आहे."

"त्यांचं मी बघते. तू वाक. ढकलतोस कुठून ते मला बघायचंय."

"माझी साडेअकराची मीटिंग आहे."

"मग लवकर वाक."

साहेब वाकला. शेडबाहेरच्या ओट्यावर आम्ही म्हातारे तंबाखू मळत बसलो होतो. फेरी अर्धी झाली तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो तसाच तीन पायांवर थांबून इंग्रजीत बोलायला लागला. ब्रूनो त्याच्या तोंडाकडे बघत शेजारी येऊन बसला. फोन ठेवल्यावर साहेब उठला नाही. म्हणाला, "मॅडम, वजन सगळं खांद्यांवर येतंय." मॅडम म्हणाल्या, "आता तुझं माप झालं."

ब्रूनोचा गाडा इतका हलका झाला की तो सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावरून सुसाट निघायचा. गेटवरचा वॉचमन रजिस्टर घेऊन मागे धावायचा. सोसायटीची मीटिंग झाली. चाकं आहेत म्हणजे वाहन आहे, असं सेक्रेटरीचं म्हणणं पडलं. शेवटी ब्रूनोच्या गाड्याला टू-व्हीलरचा स्टिकर लागला. तो घेऊन साहेब पेढे द्यायला आला. मॅडमनी आधी ब्रूनोला विचारलं, "अहो, पार्किंग कुठलं मिळालं? झाकलेलं ना?"

हे सगळं मी लांबून बघत होतो. माझा त्यात काही संबंध नव्हता. मग आमच्या इंजिनाचा पाय गेला.

इंजिन म्हणजे आमचा बैल. शर्यतीच्या घाटात गाडा पळवायचा तेव्हा नाव पडलं. जमीन गेली, ट्रॅक्टर गेला, पण इंजिन मी विकला नाही. म्हातारा झाला तरी रोज सकाळी मी आणि तो रस्त्याने फिरून यायचो. उन्हाळ्यात एका ट्रेलरने वळताना त्याला घेतलं. मागचा डावा पाय डॉक्टरांनी गुडघ्याखाली काढला. जखम भरली, पण बैल बसला तो बसला.

माझा मुलगा दत्ता वाईट नाही. पण गोठ्याच्या जागेवर त्याचा डोळा होता, गाडी लावायला. तो म्हणाला, "आप्पा, पोळ्याला जर इंजिन घरापासून देवळापर्यंत चालत गेला अन् फेरी पुरी केली, तर मरंस्तोवर हितंच राहील. न्हाई तर त्याच दिवशी पांजरपोळात. मी टेम्पो सांगून ठिवतो."

"जाईल चालत," मी म्हणालो.

"कशावर?"

मी उठून गोठ्यात गेलो. शेडमध्ये गेलो नाही. ज्या पाटीला मी हसलो त्या पाटीखाली उभं राहणं माझ्याच्याने होईना. मॅडमच गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, प्लॅस्टरची बादली घेऊन. इंजिनाला म्हणाल्या, "नमस्कार. बरेच दिवस बघतेय तुम्हाला." मग मला म्हणाल्या, "आप्पा, नियम माहीत आहे ना?"

"मी आजवर कुनापुढं वाकलो न्हाई."

"कुणापुढं नका वाकू. भिंतीकडे तोंड करून वाका."

त्यांनी गोठ्याचं दार आतून लावलं आणि स्वतः पाठ करून उभ्या राहिल्या. मी वाकलो. भिंतीच्या कडेने अर्धा गोठा गेलो. एवढंच सांगतो की बैलाला गव्हाण फार लांब वाटत असणार.

इंजिन बाहेर यायला तयार नव्हता, म्हणून दावणीवरच त्याला दोरांनी उचलून उभा धरला आणि माप तिथंच घेतलं. पाय व्हायला पुष्कळ दिवस गेले. वर फोमची वाटी, मधे स्कूटरचा शॉकॲब्सॉर्बर, खाली ट्रेलरच्या टायरचा तळवा. ट्रेलरने पाय नेला, ट्रेलरनेच तळवा द्यावा, असं त्यांचं म्हणणं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पाय बसवला. गोठ्यात इंजिन चारी पायांवर उभा राहिला, असा सरळ. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग त्याला अंगणात आणला. अंगणात तो वाकडा. डावं ढुंगण वर, उजवं खाली, जसा एखादा पुढारी फोटोसाठी एका पायावर भार देऊन उभा राहतो.

"पाय लांब झालाय," मी म्हणालो.

"पाय बरोबर आहे. जमीन तपासा."

"अंगण माझ्या बापानं केलंय. त्याला तपासनारा अजून जन्माला आला न्हाई."

"आणि पाय मी केलाय."

दोघांपैकी कुणीच ऐकणारं नव्हतं. दत्ता ओट्यावर उभा राहून फोनवर टेम्पोवाल्याला सांगत होता, उद्या दुपारी ये. मला राग आला. मी कासरा धरला आणि इंजिनाला तसाच वाकडा रस्त्यावर काढला, आमच्या दारासमोरच्या अंगानं. मॅडम मागून आल्या. आणि रस्त्याच्या कडेला लागल्यावर बैल सरळ झाला. टप, टप, टप, जसा तरणा असताना चालायचा तसा. मी मॅडमकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. माघारी वळलो, त्याच कडेने, आणि बैल पुन्हा वाकडा. पहिल्यापेक्षा जास्त. दोन पावलं टाकून थांबला.

मी ओढलं. मॅडमनी विनवलं, "अहो, आत्ता तर चालत होतात." त्याने दोघांचं ऐकलं नाही. त्याने कासरा माझ्या हातातून काढून घेतला आणि रस्ता आडवा ओलांडायला लागला. कंपनीची बस थांबली, तिच्यामागे टँकर थांबला, दुचाकीवाले शिव्या द्यायला तोंड उघडून तसेच राहिले. इंजिन पलीकडच्या कडेला पोचला, घराकडे तोंड केलं आणि चालायला लागला. सरळ.

मॅडम धावत शेडमध्ये गेल्या, पाणसळ घेऊन आल्या आणि इंजिन चालत होता त्या कडेला डांबरावर गुडघे टेकून ती ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. रस्ता मधे उंच असतो आणि दोन्ही कडांना उतरता, पाणी निघून जावं म्हणून. मग त्या गोठ्यात गेल्या आणि दावणीपाशी पाणसळ ठेवली. बुडबुडा तसाच पळाला. आमच्या गोठ्याच्या मागे भावकीची भिंत. तिकडे पाणी सोडलं तर भांडण, म्हणून माझ्या बापाने गोठ्याचा उतार मागे न काढता डाव्या अंगाला काढलेला. सगळ्या शेडा, सगळे कोबे, सगळी फरशी तपासणाऱ्या मॅडमनी बैलाचं माप घेताना तेवढाच गोठा तपासला नव्हता. पाय त्या उताराच्या मापाचा झाला होता. डावीकडे उतार असेल तिथंच तो टेकायचा.

त्यांनी तिथंच शेणात उकिडवं बसून डगल्याला पाणसळ पुसली. मला वाटलं, आता म्हणतील चुकलं. त्या म्हणाल्या, "आप्पा, हा पाय रस्त्याच्या डाव्या बाजूचा आहे. नियमाने चालणाऱ्याचा."

"कापून कमी करा की."

"खाली शॉकॲब्सॉर्बर आहे. उद्यापर्यंत होणार नाही."

"मग?"

"मग उद्या बैल डावीकडून जाईल. अख्ख्या पिंपरी-चिंचवडात कुणी जात नाही, ते जातील."

पोळ्याला दुपारी इंजिनाला झूल घातली, शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग. दारातून निघालो. पुढे मॅडम, तोच पांढरा डगला, हातात पाणसळ काठीसारखी धरलेली. रस्त्याची डावी कड गाड्यांनी भरलेली. त्या एकेका गाडीवर पाणसळ आपटत चालल्या.

"ही कुणाची? काढ. बैल येतोय."

"अहो मावशी, बैलाला एवढा रस्ता मोकळा हाय की," पोरं म्हणाली.

"त्यांना डावीच लागते."

"बैलाला वास्तुशास्त्र हाय काय?"

"आहे. काढ."

डीजेचा टेम्पो काढला. पाणीपुरीची गाडी काढली. चौकात एका पुढाऱ्याची काळी मोठी गाडी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊंची गाडी आहे, हलणार नाही."

"भाऊंना बोलाव," मॅडम म्हणाल्या. "त्यांना वाकायला लागेल."

वाकायला म्हणजे काय हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ड्रायव्हरने गाडी काढली.

देवळाशी मला धाकधूक होती ती फेरीची. पण देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं असतं, आणि देवळाभोवतीची फरशी पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बाहेरच्या अंगाला, म्हणजे डावीकडे उतरती. मॅडमनी पाणसळ ठेवून बघितली आणि पहिल्यांदाच मान डोलावली. "कुणीतरी माप घेऊन बांधलंय," म्हणाल्या. इंजिन फिरायला लागला. तीन बाजू सरळ गेला. चौथ्या बाजूला डाव्या अंगाला दत्ताचा टेम्पो उभा. मागचं फाळकं खाली पाडलेलं, आत गवत पसरलेलं, पांजरपोळात न्यायची सगळी तयारी. त्याच्या उजवीकडून जायला जागा होती, पण तिथं देवळाच्या भिंतीलगत फरशी सपाट होती, उतार नव्हता. इंजिन टेम्पोच्या तोंडाशी थांबला. ढोल थांबले.

दत्ता म्हणाला, "आप्पा, थांबला तो. ठरल्यापरमानं..."

"तो थांबला न्हाई. तू आडवा हायस," मी म्हणालो.

मॅडम टेम्पोपाशी गेल्या, फाळक्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा बघितला, आणि त्यांनी दत्ताला, मोठ्या नम्रपणाने, पहिल्यांदा अहो म्हटलं. "अहो दत्ताभाऊ, टेम्पो काढा. बैलाचा रस्ता आहे."

दत्ताने बैलाकडे बघितलं, गावाकडे बघितलं. मग फाळकं वर करून कडी लावली, टेम्पो सुरू करायला सांगितला, आणि टेम्पो गल्लीतून निघून गेला तो परत आला नाही. इंजिन फेरी पुरी करून सरळ घरी आला, अर्थातच डावीकडून.

त्यानंतर इंजिन त्याच पायावर रोज माझ्याबरोबर फिरायला लागला. जाताना एका कडेने, येताना दुसऱ्या कडेने. मॅडमकडे गिऱ्हाईक इतकं वाढलं की ओट्यावर आम्हाला बसायला जागा राहीना. मग दक्षिणेतून कुठूनतरी त्यांना फोन आला. हत्तीण होती, पुढचा पाय. मी त्यांचा चेहरा बघितला आणि समजलो, शेड रिकामी होणार.

"हत्तिणीच्या माहुताला पण वाकायला लावनार?" मी विचारलं.

"त्याच्या पाठीवर केवढी पिशवी द्यायची, तेवढंच ठरायचंय."

चाकणच्या चौकात त्यांना सोडायला मी गेलो. पोतंभर प्लॅस्टर, एक पिशवी, पिशवीतून पाणसळ बाहेर आलेली. बस यायच्या आधी त्या म्हणाल्या, "आप्पा, गोठ्यात खुंटीला एक पाय टांगलाय. सपाट जमिनीचा. कधी लागला तर."

"म्हंजे पहिला चुकला व्हता."

"पहिला बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हा पण बरोबर आहे."

कंडक्टर पोत्यावरून भांडायला लागला. मॅडमनी त्याला अरे म्हटलं, पोतं त्याच्याच हातात दिलं आणि चढल्या. डाव्या बाजूच्या खिडकीत बसल्या. बस निघाली तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. वाकून रस्त्याच्या कडेला बघत होत्या, उतार केवढा आहे ते. तेच शेवटचं. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो. खुंटीवरचा नवा पाय खाली काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा खुंटीला टांगला. इंजिनाला जुनाच चढवला, पट्टे आवळले आणि रस्त्याला लागलो. टाकीच्या वळणावर समोरून एक कंटेनर आला, आमच्याच कडेने, उलटा, पहिल्या शिफ्टच्या घाईत. त्याने हॉर्न दिला. आम्ही थांबलो. मागे बसा, रिक्षा, दुचाक्या तुंबल्या. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"ओ बाबा, बैल जरा पलीकडून घ्या की."

"पाय बरोबर हाय," मी म्हणालो. "तू तुझी बाजू तपास."

इंजिनाने पुढे होऊन त्याच्या बंपरला नाक लावलं. थोड्या वेळाने कंटेनर रिव्हर्सचं गाणं वाजवत मागे जायला लागला, आणि आम्ही दोघं त्याच्या तोंडासमोरून चालत राहिलो, सरळ.